ज्ञात, परंतु अनुल्लेखित

रुग्णालयातले सगळे गैरप्रकार वर्षानुवर्षं एकच व्यक्ती करत होती, आणि ती व्यक्ती अज्ञात होती. कार्यालयीन अहवालांत तसं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं असे. क्ष-किरण विभागातला एसी अज्ञात व्यक्तीने काढून नेला. तोच एसी भांडारप्रमुखांच्या खोलीत अज्ञात व्यक्तीनेच बसवला. रुग्णवाहिका उभी करायच्या जागेत अज्ञात व्यक्ती रोज सकाळी आपली गाडी लावी आणि संध्याकाळी घेऊन जाई. नव्या खाटाही अज्ञात व्यक्तीनेच मागवल्या होत्या. त्या इतक्या आखूड निघाल्या की जरा उंच रुग्णाला एक तर पाय बाहेर लोंबत ठेवावे लागत, नाहीतर गुडघे छातीशी घेऊन बरं व्हावं लागे.

भांडारप्रमुख हे अधीक्षकसाहेबांच्या पत्नीचे धाकटे भाऊ. हा निव्वळ योगायोग होता, आणि तो धुलाईखात्यापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरच्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला हे अहवाल वाचायची बुद्धी झाली. 'आपल्या संस्थेतील अज्ञात व्यक्तीचा वाढता वावर चिंताजनक असून तिचा तातडीने छडा लावावा,' असा शेरा आला आणि पाठोपाठ कॅमेरे आले. जिन्यावर, व्हरांड्यात, भांडाराच्या दाराशी बसले. पहिल्याच आठवड्यात अज्ञात व्यक्ती भर उजेडात, प्रसूती विभागातला गीझर दोन हमालांच्या खांद्यावर देऊन स्वतः ऐटीत पुढे चालताना दिसली. कॅमेऱ्याखाली थांबून तिने केससुद्धा सारखे केले.

अधीक्षकांनी कपाळाला हात लावला.

"आता 'अज्ञात' कसं लिहायचं?" ते मुख्य लिपिकाला म्हणाले. "चेहरा दिसतोय की धडधडीत."

"'काही व्यक्तींनी' असं लिहू या, साहेब."

"काही म्हणजे किती, असं विचारतील. आणि दिसतोय तर एकच."

"मग नाव..."

"नाव?" अधीक्षकांनी अशा नजरेने पाहिलं की लिपिकाने उरलेलं वाक्य गिळून टाकलं. "अहो, मला रोज घरी जायचं असतं."

अधीक्षक मुळात डॉक्टर. रोगाचं नाव लॅटिनमध्ये सांगितलं की नातेवाईक पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव होता. त्यामुळे अडचणीच्या वेळी त्यांना लॅटिनच आठवावं यात नवल नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्य परिचारिकेला सगळं रुग्णालय ताई म्हणे. तिचा धाकटा भाऊ लॅटिनचा मास्तर होता, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं होतं. त्यांनी त्याला बोलावणं पाठवलं.

लॅटिन सरांना या बोलावण्याची किती गरज होती हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. ज्या शाळेत ते शिकवत, तिने लॅटिन बंद करून त्याच वर्गात, त्याच फळ्यावर, व्यक्तिमत्त्व विकास सुरू केला होता. विकास करून घ्यायला मुलांची झुंबड उडाली आणि सर घरी बसले. घर म्हणजे रुग्णालयाच्या आवारातलं ताईचं क्वार्टर. आईवडिलांच्या मागे तिनेच त्यांना वाढवलं होतं, तेव्हा पन्नाशीत पुन्हा एकदा सांभाळायचं तिला काही जड गेलं नाही. सर दिवसभर औषधांच्या बाटल्यांवरचं लॅटिन तपासत बसत आणि चुका सापडल्या की संध्याकाळी ताईला दाखवत. एखाद्या शब्दाचा अर्थ त्यांना विचारावा, असं कित्येक वर्षांत कुणालाही वाटलं नव्हतं. त्यामुळे निरोप आला तेव्हा त्यांनी कोटाला स्वतः इस्त्री केली, आणि एक बाही थोडी जाळलीही.

"आम्हाला एक शब्द हवाय," अधीक्षक म्हणाले. "कुणीतरी काहीतरी केलं, असं सांगणारा. लॅटिनमध्ये असेल ना?"

"एक? ढीग आहेत!" सर खुर्चीच्या कडेवर सरकले. "पण प्रत्येकाचा वापर वेगळा. पहिला आलीक्विस. कुणीतरी, पण कोण ते माहीत नाही."

"तो नको. त्यानेच घोटाळा झालाय."

"मग क्विस्क्वाम. कुणी म्हणजे कुणीसुद्धा. पण हा फक्त नकारार्थी वाक्यात चालतो. कुणीही आलं नाही, कुणालाही ठाऊक नाही..."

"कुणीही जबाबदार नाही," मुख्य लिपिक टिपून घेता घेता म्हणाला. "हा ठेवू या, साहेब. आपली बरीचशी उत्तरं नकारार्थीच असतात."

"आणि तिसरा," सरांचा आवाज आपोआप हळू झाला, कारण हा त्यांचा लाडका शब्द होता, "क्वीदाम. कुणी एक. यातली गंमत अशी, की बोलणाऱ्याला तो माणूस पक्का ठाऊक असतो. पण तो त्याचं नाव घेत नाही."

अधीक्षकांनी चष्मा काढला. एसी नेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान कुणी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे माहीत असतं," ते म्हणाले. "लपवाछपवी नाही."

"अजिबात नाही."

"आणि नावही नसतं."

"नसतं."

"सर," अधीक्षक गहिवरून म्हणाले, "इतके दिवस होतात कुठे तुम्ही?"

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरंखुरं होतं, त्याची थट्टा करायचं कारण नाही.

परिपत्रक लगेच निघालं. 'यापुढे अहवालांत "अज्ञात व्यक्ती" हा शब्दप्रयोग करू नये. त्याऐवजी "क्वीदाम" ही आंतरराष्ट्रीय संज्ञा वापरावी. क्वीदाम म्हणजे अशी व्यक्ती, जी सर्वांस ज्ञात आहे, परंतु अनुल्लेखित आहे. व्यक्ती ज्ञात असल्याने शोध घेण्याचे प्रयोजन उरत नाही व नामोल्लेख नसल्याने कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.' खाली अधीक्षकांची सही होती आणि तिच्याखाली 'परिभाषा सल्लागार' म्हणून सरांची.

मग कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं. सर मन लावून शिकवायला बसले. शब्दाची सगळी रूपं त्यांनी फळ्यावर मांडली: तो करतो तेव्हा क्वीदाम, त्याला काही करायचं असेल तर क्वेन्दाम, त्याला काही द्यायचं असेल तर कुईदाम. परिचारिका घाबरल्या. तेव्हा मागच्या बाकावरून धुलाईखात्याचा प्रमुख उठला आणि म्हणाला, "सर, हा माणूस करतोच फक्त. त्याला कुणी कधी काही करत नाही. मग बाकीची रूपं पाठ करून काय करू?" प्रशासनालाही हे पटलं आणि अभ्यासक्रम पहिल्या रूपापुरताच ठेवण्यात आला. सरांना जरा वाईट वाटलं, पण वर्गात पुन्हा माणसं बसलेली पाहून ते विरघळले होते.

ताई त्या वर्गाला आली नाही. तिच्या मजल्यावर माणसं कमी होती.

"छोट्या," ती घरी म्हणाली, "तू बरा शब्द काढलास रे. काल त्याने माझ्या वॉर्डातले पंखे नेले. मी म्हटलं, अहो, कुठे नेताय? तर म्हणाला, क्वीदामने नेले म्हणून लिहा. स्वतः सांगितलं त्याने! हसत!"

"म्हणजे उच्चार बरोबर केला त्याने?" सरांनी विचारलं.

ताई पोळपाट ठेवून हात धुवायला गेली.

पुढे क्वीदामची जी भरभराट झाली तिला तोड नाही. त्याने ऑक्सिजनच्या नळ्या नेल्या, वाचनखोलीतला सोफा नेला, रुग्णालयाच्या मागचं एक झाड नेलं. बाकीचेही हळूहळू शहाणे झाले. हाडांच्या डॉक्टरांनी एका बाईच्या चांगल्या पायाला प्लास्टर घातलं, तेव्हा 'क्वीदामने घातले' असं लिहिलं. खोटं तरी कसं म्हणणार? डॉक्टर कोण, हे त्या बाईसकट सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षअखेरीला वरच्या कार्यालयाने सगळ्या रुग्णालयांचे आकडे काढले. बाकीकडे अज्ञात व्यक्तींचे ढीग होते आणि इथे एकही नाही! पारदर्शकतेची ढाल मिळाली. ती घ्यायला अधीक्षक आणि भांडारप्रमुख जोडीने गेले. येताना भांडारप्रमुखांनी ती आपल्या घरी नेली. अहवालात त्याची रीतसर नोंद आहे.

सरांना स्वतंत्र खोली मिळाली. दारावर पाटी लागली. इतर रुग्णालयांतून पत्रं येऊ लागली, की आमच्याकडे असे दोघे आहेत तर अनेकवचन काय करावं. सर प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहीत. रूप बदलत नाही, कितीही असले तरी क्वीदामच, हे कळवताना त्यांना भाषेबद्दल भरून येई.

आणि मग लिफ्ट अडकली.

वीज गेली की लिफ्ट आपसूक जवळच्या मजल्याला लागावी, दार उघडावं, यासाठी तिला वेगळ्या बॅटऱ्या होत्या. त्या क्वीदामने आपल्या बंगल्यावर नेल्या होत्या. तिथेही वीज जायची. भर दुपारी वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहिली. आत स्ट्रेचरवर एक म्हातारा सुतार होता, त्याच्या उशाशी संपत आलेला ऑक्सिजनचा सिलिंडर होता. जिन्यात त्याची मुलगी दारावर मुठी आपटत होती. माणसं जमली, हळहळली, आणि हे कुणाचं काम आहे हे एकमेकांना डोळ्यांनी सांगत उभी राहिली. ताईने सलाइन टांगायचा लोखंडी स्टँड उचलला, तो फटीत घातला आणि दोन वॉर्डबॉयना हाताशी धरून दार फोडलं. सुतार निळा पडला होता. त्याला बाहेर ओढलं, दुसरा सिलिंडर लावला, आणि तो वाचला.

संध्याकाळी ताईने अहवाल लिहिला. 'लिफ्टच्या बॅटऱ्या भांडारप्रमुखांनी स्वतःच्या बंगल्यावर नेल्यामुळे एक माणूस मरता मरता वाचला.' त्याखाली तिने भांडारप्रमुखांचं नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सुवाच्य अक्षरात.

रुग्णालय हादरलं. लिफ्ट अडकली तेव्हा इतकं हादरलं नव्हतं. ताईच्या हाती आरोपपत्र पडलं: 'सदर परिचारिकेने ज्ञात व्यक्तीचा नामोल्लेख करून संस्थेच्या पारदर्शकतेस बाधा आणली. तसेच लिफ्टच्या दाराची मोडतोड केली.' निवृत्तीला थोडे दिवस उरलेले असताना तिला नुसतं घरी बसवणार नव्हते. परिचारिकांच्या यादीतूनच नाव काढणार होते. म्हणजे यापुढे कुठल्याही आजारी माणसाच्या कपाळावर हात ठेवायचा तिला अधिकार राहणार नव्हता. उभ्या आयुष्यात तिने दुसरं काही केलेलंच नव्हतं.

चौकशी समितीने तज्ज्ञ म्हणून लॅटिन सरांना बोलावलं.

"अगदी साधं आहे, ताई," आदल्या दिवशी सर म्हणाले. पुस्तकं काढून ते सगळं पाहून बसले होते. "नाव घ्यायचं की नाही, ही बोलणाऱ्याची मर्जी. क्वीदाम ही सोय आहे, सक्ती नाही. हे एक वाक्य बोललो की आरोप तिथेच कोसळतो."

"बोलशील ना?"

"म्हणजे काय! तू माझी बहीण आहेस."

"ते नको सांगूस तिथे," ताई म्हणाली. "तेवढं वाक्य नीट बोल."

समितीचे अध्यक्ष वरच्या कार्यालयातले उपसंचालक होते. खुर्च्या, टेबल आणि पाण्याच्या बाटल्या भांडारातून आल्या होत्या, म्हणून भांडारप्रमुखांनाही सदस्य-सचिव म्हणून घेतलेलं होतं. त्यांनी सगळ्यांना अगत्याने पाणी दिलं, ताईला आधी. "माझा काही राग नाही हं, ताई," ते म्हणाले. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

उपसंचालकांनी एकेका साक्षीदाराला विचारलं, "यांनी लिहिलेलं खरं आहे?" सगळे म्हणाले, खरं आहे. भांडारप्रमुखही म्हणाले, खरं आहे.

"मग गुन्हा कुठे झाला?"

"साहेब," अधीक्षक उभे राहिले, "खरं असणं हा बचाव कसा होईल? आमचे सगळेच अहवाल खरे असतात. त्यासाठी तर ढाल मिळाली. हे नाव लिहिल्यावर आता कारवाई करावी लागेल, त्याला जबाबदार कोण?"

"क्विस्क्वाम," मुख्य लिपिक सवयीने पुटपुटला, पण तो शब्द फक्त नकारार्थी वाक्यात चालतो हे आठवून गप्प बसला.

"आणि दाराच्या मोडतोडीत यांचं नाव कसं आलं?" उपसंचालकांनी कागद उलटला. "तिथे क्वीदाम का नाही?"

"त्यांनीच लिहून दिलंय, साहेब. 'दार मी फोडलं.' खाली सही."

उपसंचालकांनी मान हलवली. असा कर्मचारी त्यांनी नोकरीत पाहिलेला नसावा. मग ते सरांकडे वळले. "आपली कीर्ती ऐकून आहे. ही पद्धत आम्ही सगळ्या खात्यांत नेतोय. परिभाषा संचालनालय काढायचं ठरतंय, आणि त्याच्या संचालकपदासाठी आमच्याकडे एकच नाव आहे." त्यांनी अर्थातच ते नाव घेतलं नाही. "तर तज्ज्ञ म्हणून सांगा. माणूस ज्ञात असताना त्याचं नाव घेणं, हा या शब्दाचा योग्य वापर आहे का?"

वाक्य सरांच्या जिभेवर होतं. मर्जी. सोय, सक्ती नाही. समोर ताई हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि लहानपणी पाढे म्हणताना जशी ती त्यांच्या ओठांकडे बघत बसे तशी बघत होती. सरांना आपल्या दारावरची पाटी दिसली. मग त्याहून मोठी पाटी दिसली. शाळेतला तो फळा दिसला, ज्यावर आता व्यक्तिमत्त्व विकास चाले. सगळ्या खात्यांतली माणसं बाकांवर बसली आहेत आणि आपण सगळीच्या सगळी रूपं शिकवतो आहोत, असं दिसलं.

"शब्दाचा वापर," ते म्हणाले, "रूढीने ठरतो."

"आणि रूढी काय आहे?"

"नाव न घेण्याची."

भाषाशास्त्राच्या दृष्टीने यात एकही चूक नव्हती. ताईने मान खाली घातली. भांडारप्रमुखांनी सरांपुढे पाण्याची बाटली सरकवली आणि तिचं झाकणही उघडून दिलं.

निकाल चटकन लागला. 'एका तज्ज्ञाच्या मतानुसार आरोप सिद्ध होत आहे,' एवढ्या एका ओळीवर ताईचं नाव यादीतून गेलं. क्वार्टर सोडायला सांगितलं, पण सर आता संचालक होणार असल्याने ते क्वार्टर सरांच्याच नावावर करण्यात आलं. व्यवस्था किती माणुसकीने वागू शकते ते इथे दिसतं.

ताई आपले पांढरे गणवेश घड्या घालून एका पिशवीत भरत होती. क्वार्टर सरांचं झाल्यावर तिला कुणी 'जा' म्हटलेलं नव्हतं. सर दारात उभे होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, आणि जे सुचलं ते त्यांनी बोलून टाकलं.

"ताई, अहवालात माझं नाव कुठेच नाही. 'एका तज्ज्ञाच्या मतानुसार' इतकंच आहे."

"वाचलं मी."

"म्हणजे लोकांना तसं..." स्वतःचेच शब्द कानांवर पडले आणि सर थांबले. त्यांना रडू फुटलं. "मला माफ कर गं. बोलणार होतो मी. खरंच बोलणार होतो."

ताईने पिशवीचा बंद बांधला. "त्या सुताराची मुलगी आली होती खाली," ती म्हणाली. "बापाला घेऊन घरी निघाली होती. माझे हात धरून विचारत होती, ताई, तुम्हाला कुणी घालवलं? नाव सांगा, मी जाऊन तोंडावर विचारते त्याला."

"मग?"

"त्या भांडारवाल्याचं नाव लिहिताना माझा हात जरासुद्धा थरथरला नव्हता, छोट्या," ताई म्हणाली. "पण तिला मी म्हटलं, होता असाच कुणी एक."

आता तुम्ही म्हणाल, मास्तर भेकड, ताई शेवटी बहीणच, आणि लिहिणाऱ्याची तर कमालच. इतकं सगळं सांगितलं, पण भांडारप्रमुखाचं नाव काही त्याच्या लेखणीतून उतरलं नाही. कबूल. पण वाचायला लागल्यापासून तुमच्या डोळ्यांपुढे तुमच्याकडचा एक जण उभा आहे. कोण ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. लिहिणाऱ्याचं सोडा, तुम्ही घ्या बघू त्याचं नाव. इथेच, मोठ्याने.

अहो, दार कशाला लावताय?